मोकळ्या वाफ्यात काय पेरायचं

प्रिय मोठ्या,

तुझं पत्र पोचलं. पाकीट नेहमीसारखं उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, पण या वेळी जरा नीटनेटकं. तुरुंगात पत्रं वाचायला बसवलेला माणूस बदलला असावा, नाहीतर जुन्याचाच हात बसला असावा. हे पत्रही तुझ्याआधी तोच वाचणार, म्हणून त्यालाही नमस्कार. त्याच्या घरामागे चार हात जमीन असेल तर पुढचं त्याच्याही उपयोगाचं आहे.

तुरुंगाच्या बागेतले टोमॅटो आणि भोपळे उपटून झाले, तुझा वाफा मोकळा पडला आणि आता तो उघडा बघवत नाही, असं तू लिहिलंस. वाचून मला हसू आलं. लहानपणी तुला बागेत कामाला न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळीला न्यायचं. उन्हाळा संपत आला की तुझे बाबा आणि मी रिकाम्या वाफ्यांत बी फेकायचो आणि तू पायरीवर बसून म्हणायचास, "सगळं जग गवत उपटतं आणि आमच्या घरचे पेरतात." तोच तू आता त्या भिंतीच्या कडेला उघडी माती बघून हळहळतोस. बाबांना हे ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी तुला सोडलं नसतं, आठवडाभर चिडवलं असतं.

आपण घरात त्या पिकाला पांघरूण म्हणायचो, आठवतं ना. ते खायचं नसतं, विकायचं नसतं. उन्हाळी भाज्या निघाल्या की माती उघडी पडते, वाऱ्याने उडते, पावसाने धुपते, तण माजतं. म्हणून तिच्यावर काहीतरी हिरवं पसरायचं आणि वाढलं की तिच्यातच गाडायचं, म्हणजे पुढच्या पिकाला खत होतं. एवढीच गोष्ट. पण काय पसरायचं ते हवा ठरवते. बियाण्याच्या दुकानातला तो लांबनाक्या अजून तसाच आहे. कोणी "चांगलं काय आहे?" असं विचारलं की तो उलट विचारतो, "तुमच्याकडे थंडी कधी येते? आणि येऊन काय करते?" यावर गिऱ्हाईक गोंधळतं. मी मात्र या प्रश्नाचं उत्तर तीन ठिकाणांसाठी देऊ शकते. माझ्या डोंगरातलं, धाकटीच्या समुद्राकाठचं आणि आता तुझ्या त्या भाजक्या मैदानातलं. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या, पण पावशेर बी मुठीत घेतलं की वाफ्याला पुरेल की नाही ते मला न बघता कळतं.

इकडे उन्हाळा शेवटच्या टोकाला आलाय. दुपारी पाठ भाजते आणि संध्याकाळी स्वेटर शोधावा लागतो. दव गोठायला लागण्याआधी मला थोडेच आठवडे मिळतात. वालाच्या वेली काढल्या त्या वाफ्यात मी कुट्टू टाकला होता, ज्याचं पीठ उपासाला चालतं तो. तो महिन्याभरात पांढरा फुलतो, मधमाश्या खूश होतात आणि पहिल्या कडक थंडीत तो एका दिवसात काळा पडून मरतो. कोबीच्या वाफ्यात मोहरी टाकायची नाही, दोघांची जात एक, त्यामुळे कीडही एकच. हे तू एकदा केलं होतंस, बाबांवर उपकार म्हणून. पुढच्या वर्षीचा कोबी बघण्यासारखा झाला होता, म्हणजे बघूनच पोट भरलं.

मोठ्या वाफ्यात आपण राय पेरायचो. गव्हासारखं पण गव्हापेक्षा चिवट. बर्फाखाली दबूनही जिवंत राहतं आणि वसंत आला की छातीपर्यंत वाढतं. पण ते वेळेवर कापायला माणूस लागतो, नाहीतर दाणा धरून पुढची दोन वर्षं सगळीकडे तेच उगवतं. ते काम तुझं होतं. तू लिफ्टच्या कंपनीत लागल्यावरही त्या एका रविवारी यायचास, शर्ट काढून कोयता घ्यायचास आणि दिवसभर कुरकुर करत सगळा वाफा आडवा करायचास. तू गेल्यावर मी राय बंद केली. ओट टाकायला लागले. ओट आमच्या थंडीत आपणच मरतात, जमिनीवर चटईसारखे पडून राहतात, वसंतात त्यांना कोणी हात लावावा लागत नाही. लांबनाक्याने पहिल्या वर्षी विचारलं, "या वेळी राय नको?" मी म्हटलं, गुडघा दुखतो.

धाकटीकडे यातलं काही चालायचं नाही. समुद्राकाठची हवा, थंडी येते ती पाहुण्यासारखी, दाराशी उभी राहून निघून जाते. तिथे ओट मरतच नाहीत. पहिल्या वर्षी तिने माझं ऐकून ओट पेरले आणि मग फोनवर रडकुंडीला आली, "आई, हे मरायचं नावच घेत नाहीत." मग तिने क्लोव्हर लावला, तो लाल फुलांचा, तीन पानांचा. हिवाळाभर हळूहळू वाढला आणि पाऊस पडला तरी माती जागची हलली नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस आमचा एक फोन ठरलेला असायचा. मी काय पेरलं, तिने काय पेरलं. जावई मागून ओरडून सांगायचा, "आई, आमच्याकडे काटे पेरलेत, ससे फार झालेत." कुंपण त्यानेच घातलं होतं. रंगारी माणूस, हात स्वच्छ चालायचा. वाफ्यांच्या कडेच्या फळ्या त्याने तासून, रंग देऊन बसवल्या होत्या. मला त्या कडा फार आवडायच्या. माणूस वाईट निघाला की त्याचं सगळंच वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

तू म्हणशील की हे मला कशाला लिहितेस, मला सगळं माहीत आहे. माहीत आहे रे. पण इतक्या वर्षांत मी तुला ते एकदाही लिहिलं नाही. हवापाणी लिहिलं, गुडघा लिहिला, शेजाऱ्यांचं भांडण लिहिलं. आज एकदा लिहू दे. समुद्राकाठच्या हॉटेलात लिफ्ट दुरुस्तीचं काम निघालं म्हणून तू गेलास. काम आटपून बहिणीला भेटायला गेलास, कामाच्याच कपड्यांत. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या कानामागे तुला निळं दिसलं. तो आधीही हात उचलायचा हे तुला त्या दिवशी कळलं, मला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो स्वयंपाकघरात होता. तू जाब विचारलास, त्याने तुला ढकललं, तुझ्या खिशात पाना होता. पाना तुझ्या खिशात नेहमीच असायचा, जेवताना टोचतो म्हणून मी शंभरदा काढून ठेवायला लावला असेल. कोर्टात सरकारी वकील म्हणाले, मुद्दाम नेला होता. ते खोटं आहे हे मला माहीत आहे. पण पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, तो कपाटाला टेकून खाली बसला आणि त्यानंतर तू त्याच्या डोक्यावर दुसरा मारलास. हे खरं आहे. हे धाकटीने पाहिलं आणि जे पाहिलं तेच तिने कोर्टात सांगितलं.

मग ती इथे माझ्याकडे आली. एक बॅग आणि जावयाचं रंगाचे डाग पडलेलं जॅकेट, एवढंच घेऊन. ते जॅकेट कपाटात आहे. ती घालत नाही, टाकतही नाही. मी त्याबद्दल विचारत नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ती लोकांची नावं लिहून घ्यायला बसते, सगळे तिला चांगलं म्हणतात. घरी आम्ही दोघी बोलतो, भरपूर बोलतो, हसतोसुद्धा. पण तुझं नाव काढलं की ती उठून काहीतरी करायला जाते. गॅस पुसते. पुसलेला गॅस पुन्हा पुसते. तुला भेटायला निघाले की ती मला बसपर्यंत सोडते, खिडकीजवळची जागा बघून देते, खायला बांधून देते, आणि डबा नेहमी दोन माणसांचा असतो. निरोप मात्र कधी दिला नाही. मीही मागितला नाही.

म्हणून तुझ्या लवकर सुटकेच्या अर्जावरच्या सुनावणीला ती स्वतःहून येते म्हणाली तेव्हा मी तिला दोनदा विचारून घेतलं. तुझ्या वकीलबाईंनी तुला कळवलं होतंच की ती येणार. तू त्याआधीच्या पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाहीस, नुसतं "सगळे जा, सांभाळून जा" एवढंच. 'सगळे' हा शब्द मी बघितला. तुला तिथे आणलं नव्हतं, म्हणून काय झालं ते वकीलबाई त्यांच्या भाषेत सांगतीलच, मी माझ्या भाषेत सांगते.

इमारत जुनी होती, खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बंद लिफ्टच्या दारावर कोणीतरी कागद चिकटवला होता, "दुरुस्ती चालू आहे", आणि कागद पिवळा पडला होता. धाकटी तो कागद बघत उभी राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिने माझं कोपर धरलं आणि आम्ही जिना चढलो. वर तीन माणसं बसली होती. मधल्या बाई अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला सर्दी झालेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक तरुण माणूस, जो सारखा पाण्याचा जग सरळ करत होता. कोणी उद्धट नव्हतं. मला आधी बोलायला सांगितलं. मी म्हटलं, खोली तयार आहे, कंपनीचे जुने मालक पुन्हा काम द्यायला तयार आहेत, मुलगा कधी कोणावर हात उचलणारा नव्हता. हे शेवटचं बोलले आणि मलाच ऐकू आलं की मी काय म्हटलं.

मग अध्यक्षबाईंनी धाकटीला विचारलं, "तुम्हाला त्यांची भीती वाटते का?" ती म्हणाली, "नाही. दादाची मला कधीच भीती वाटली नाही." मोठ्या, तो शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बाईंनी विचारलं, "मग तुमची हरकत काय आहे?" ती म्हणाली, "हरकत आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जे झालं ते सांगते. तो माझ्यासाठी आला होता. पहिला फटका माझ्यासाठी होता. दुसरा माझ्यासाठी नव्हता. तेव्हा माझा नवरा खाली बसलेला होता, त्याने एक हात वर केला होता. मारायला केला होता की थांब म्हणायला, ते मला अजून कळलेलं नाही." सर्दीवाल्या गृहस्थांनी नाक पुसलं आणि हळूच विचारलं, तो सुटावा असं तुम्हाला वाटतं का. तरुण माणसाने पाण्याचा जग तसाच वाकडा राहू दिला. मग ती म्हणाली, "ते मला विचारू नका. मी एकाची बहीण आहे आणि एकाची बायको आहे."

'होते' म्हणाली नाही. 'आहे' म्हणाली, दोन्हीकडे.

खाली आल्यावर वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिने वाईट काही सांगितलं नाही हो." मी म्हटलं, खरं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. परतीच्या बसमध्ये धाकटीने एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि डोकं काचेला टेकून डोळे मिटले. ती झोपली नव्हती. मला तिचा राग यावा असं मला फार वाटत होतं, म्हणजे कुणाचातरी राग आला की बरं वाटतं. पण आला नाही. तुझाही आला नाही. ज्याचा यावा तो मेलेला, आणि त्याच्यासाठी ती अजून संध्याकाळी दारात चाहूल घेते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मोठा वाफा साफ केला. मी ओटाची पिशवी काढली. ती आत गेली आणि माळ्यावरून रायची जुनी पिशवी घेऊन आली. मी म्हटलं, अगं, हे जुनं बी, उगवायचंही नाही. ती म्हणाली, "दाट टाकू." मी म्हटलं, आणि वसंतात कापणार कोण? ती म्हणाली, "मी आहे ना." आणि तिने बी फेकायला सुरुवात केली, बाबांसारखं, कमरेतून वळून. बी विरळच उगवलंय, टक्कल पडल्यासारखं. ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी बघून येते. माझ्या मनात आलं, ती आता कुठे जाणार नाही. पोरीचं वय काय आणि ती इथेच, माझ्या या दोन खोल्यांत, रायची राखण करत राहणार. आईला याचा आनंद व्हायला हवा का, तूच सांग.

आता तुझ्या मातीचं. पाणी वाळलं की वर पांढरी पापडी धरते असं लिहिलंस, म्हणजे जमीन खारट आहे. आमचे ओट तुझ्या उन्हात होरपळून जातील, धाकटीचा क्लोव्हरही आत्ता टिकायचा नाही. ताग उष्ण हवेत झकास येतो, पण तो माणसाच्या डोक्यावर जातो आणि माणूस लपेल असं पीक तुमचे पहारेकरी कशाला वाढू देतील. चवळी जमिनीलगत पसरते, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नसते, पण खारट जमिनीत ती पिवळी पडेल. तू आधी धैंचा पेर, तोही तागासारखा गाडायचाच असतो. खारट, चिकट, कशाही जमिनीत तो तग धरतो आणि माती मोकळी करतो. तोही उंच जातो, म्हणून कमरेएवढा झाला की लगेच काप, देठ कोवळे असतानाच, आणि तिथेच गाडून टाक. वर भरपूर पाणी सोड, म्हणजे क्षार खाली जातील. लांबनाक्याला मी सगळं सांगून विचारलं, कोणासाठी ते सांगितलं नाही. त्याने बी बांधून दिलं आणि म्हणाला, "जमीन अवघड दिसते. घाई करू नका म्हणावं." तुरुंगात बी पाठवायची परवानगी वकीलबाईंनी मिळवली आहे, तेव्हा पुडी बहुतेक पत्राबरोबरच मिळेल.

आणि पुडीत दुसरंही एक बी आहे, त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. तू विचारलं होतंस, लवकर आटपणारं काहीतरी सांग, वसंतात हा वाफा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा लागेल. मोठ्या, अर्ज नामंजूर झाला. वकीलबाई तुला येऊन सांगणार होत्या, मी म्हटलं थांबा, मी लिहिते, माझ्याकडूनच कळू दे. पुन्हा अर्ज करता येत नाही, शिक्षा पूर्ण भोगायची आहे. धाकटीमुळे झालं असं मनात आणू नकोस. ते तिघं काय ठरवून बसले होते ते मला माहीत नाही आणि तिने एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. तिला मी काल सांगितलं. तिने गॅस पुसला नाही, माझ्याशेजारी येऊन बसली, पण निरोप तिने दिला नाही आणि मी तुला खोटा देणार नाही. किती वर्षं उरली ते तू मोजशील, मग त्यात माझं वय मिळवशील. मी मिळवून पाहिलंय. तू बाहेर येशील तेव्हा मी नसेन, रे. हे तुला तिथे एकट्याला एखाद्या दुपारी सुचण्यापेक्षा माझ्या अक्षरात वाचलेलं बरं. गुडघा चालतोय तोवर मी येत राहीन, डबा घेऊन. तू एका हंगामाचं पीक पेरू नकोस. धैंचा गाडून झाला, ऊन उतरलं की लसूणघास पेर, ती गुरांच्या चाऱ्याची. ती वर्षानुवर्षं राहते, मुळं फार खोल जातात, कापली की पुन्हा फुटते, वाफा उघडा पडत नाही. बी अगदी बारीक असतं, खोल गाडू नकोस, नुसतं मातीत चोळ आणि उगवेपर्यंत पाणी हळू घाल.

तुझीच,
आई